लतीफभाईचा भोंगा

जुन्या जालन्यात सभा कुणाचीही असो, भोंगा लतीफभाईचाच. यंदा मात्र निवडणुकीला उभ्या असलेल्या साहेबांनी मतांसाठी "बंगाली बोलणारे घुसखोर हुडकून हाकलू" सुरू केलं आणि लतीफभाईनं सभेआधी त्यांना स्टेजमागं गाठलं. त्याची बायको मेहरुन्निसा पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादची. चिडली की बंगालीतच भांडायची.

"मनाला लावून घेऊ नको, लतीफभाई. इलेक्शनपुरतं बोलावं लागतं," साहेब म्हणाले.

"इलेक्शनपुरतं हाय, हे लोकायला म्हाईत हाय का, साहेब?"

साहेब हसत स्टेजवर चढले. भाषणात 'घुसखोर' शब्द आला तसा लतीफभाईनं हळूच आवाज कमी केला.

"ए भोंगेवाले, आवाज वाढव!" गर्दी ओरडली.

त्यानं वाढवला. आवाज पार त्याच्या गल्लीत गेला.

घरी मेहरुन्निसा चिडलेलीच होती. पण त्या दिवशी ती मोडक्या मराठीत भांडली, तेही दार लावून.