कौशल्याबाईंचं भिरंडेल

कौशल्याबाई भांडकुदळ होत्या, असं सांगणारे चिंचवडात अजून भेटतात. म्हणोत बापडे! अशी एक भांडकुदळ बाई प्रत्येक आळीत असावी.

छप्पन्न साली नवरा पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागला, म्हणून त्या राजापूरहून इथे आल्या आणि बाळंतिणींना न्हाऊमाखू घालू लागल्या. जवळ कायम भिरंडेलाचे गोळे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया कुटून उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत वळायचं. थंडीत टाचांच्या भेगांना त्या तेच चोळत, आणि बाळंतिणीच्या स्तनांना चिरा पडल्या तर तिथेही तेच.

देशावर हे कोणाला ठाऊक? आळीतल्या तानाबाईंनी बाळंतीण सून हौसाच्या उशाशी तो पांढुरका गोळा पाहिला आणि त्यांचं डोकंच फिरलं. माळकऱ्यांचं घर ते.

"चरबी हाय ही! माज्या नातवाच्या तोंडात चरबी?"

"चरबी नाय हो, रातांब्याचं तेल. आमी भातावर घालून खातो," म्हणत कौशल्याबाईंनी तुकडा मोडून खाल्लासुद्धा.

"तुमास्नी काय! तुमी मासळी खानारी मानसं."

बातमी आळीभर झाली आणि एकेक घर कौशल्याबाईंना नको म्हणू लागलं. इकडे हौसाच्या चिरांतून रक्त येऊ लागलं. पाजणं होईना, तेव्हा सासूने नातवासाठी शेळी दारात आणून बांधली. मला त्या सासूचा आजही राग येतो.

कौशल्याबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. भर सकाळी गोळा घेऊन त्या तानाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. "पोर आईच्या दुधासाठी रडतंय. मी उठणार नाय!" तानाबाईंनी आरडाओरडा करून सगळी आळी गोळा केली.

तेवढ्यात हौसा बाळाला घेऊन बाहेर आली. सव्वा महिना झाला नसताना बाळंतिणीने उंबरा ओलांडला, बाया तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. तिने कौशल्याबाईंच्या हातातला गोळा घेतला, चावा घेऊन गिळला आणि सगळ्यांकडे पाठ करून त्यांच्यापुढे बसली.

"लावा, कौशल्याबाई."

"अगं, गळ्यात माळ हाय तुज्या!" तानाबाई किंचाळल्या.

"हाय की, आत्याबाई. पाप लागलं तर मला लागंल. माज्या पोराला मातुर मीच पाजनार."