पाण्याचा दाखला

बहात्तर साली मी नगरला शिक्षण खात्याच्या कचेरीत कारकून होते. खेड्यापाड्यांतून नव्या शाळांच्या मान्यतेचे प्रस्ताव यायचे, ते तपासायचं काम माझ्याकडे. तपासायचं म्हणजे काय, तर साहेबांनी दिलेली सतरा कलमांची यादी समोर धरायची आणि एकेक कागद फाईलमध्ये सापडला की बरोबरची खूण करायची. जागेचा उतारा, नकाशा, पटावरची नावं, गुरुजींची प्रमाणपत्रं, आणि शेवटी पाण्याचा दाखला. एक जरी फुली पडली, तरी फाईल परत. कागदात काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वाचत बसलात तर जन्मात उरकणार नाही, म्हणाले. खोटं नव्हतं ते. पाठ आखडायची, डोळे चुरचुरायचे, ढीग मात्र तेवढाच. संध्याकाळी घरी भाजी निवडतानासुद्धा मी मनात खुणा करत असायची.

पाथर्डीकडच्या एका गावाहून एक म्हातारे शेतकरी यायचे. आपला गोठा रिकामा करून त्यांनी त्यात आठवीचा वर्ग भरवला होता. शाळेचे अध्यक्ष तेच आणि झाडलोट करणारेही तेच. दिवाळीच्या आत मान्यता आली नाही, तर वर्ग बंद होणार होता. मुलगे कुठंही चालत जातील, पण वर्गातल्या नऊ मुली घरी बसतील, याचा त्यांना घोर लागला होता.

त्यांच्या फाईलला सोळा खुणा पडल्या आणि सतरावी फुली. पाण्याचा दाखलाच नव्हता.

"हिरीत पानीच न्हाई, बाई. दाखला कशाचा आनू?"

मी वैतागले. त्या साली कुणाच्या विहिरीत पाणी होतं? तरी बाकीच्या यच्चयावत फायलींत दाखले होते, तेही शब्दाला शब्द सारखे: शाळेजवळ पिण्याच्या पाण्याची सोय आहे.

"सगळे आणतात, तुम्हीही आणा," मी म्हटलं. "ग्रामसेवक देईल लिहून."

"त्यो देतो वो. पर सही माजी हाय ना खाली. पोरी दोन मैलांवरनं कळशा आनत्यात, आन् मी लिवू का पानी हाय म्हनून?"

मी फाईल परत केली. आठ दिवसांनी ते तशीच घेऊन आले. दाखल्याशिवाय फाईल पुढं जाणार नाही, असं मी त्यांना चारचौघांत आवाज चढवून सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी निमूटपणे एक कागद पुढे केला. दाखलाच होता. का कोण जाणे, तो मी वाचला. शाळेच्या विहिरीला पाणी नाही, मुली दोन मैलांवरून आणतात, सोय व्हावी ही विनंती. खाली सही आणि शिक्का.

मी साहेबांच्या टेबलाकडे पाहिलं. यादीत फक्त 'पाण्याचा दाखला' एवढंच लिहिलेलं होतं, आणि तो तर समोर होता. मी खूण केली. दिवाळीपूर्वी मान्यता निघाली आणि आपण काहीतरी शहाणपणा केला, या खुशीत मी बरेच दिवस होते.

माघात वरून पत्र आलं. ज्या शाळांना पाणी नाही त्यांना टँकर द्यायचा आहे, यादी आजच पाठवा. साहेब म्हणाले, पाण्याच्या कलमापुढे फुली असेल ती नावं काढा. मी सगळ्या तपासणी-याद्या उलटल्या. एकही फुली नव्हती. असणार कुठून, फुली असलेली फाईल मान्य होतच नव्हती. मी 'निरंक' असं टंकून कागद सहीला ठेवला. म्हातारे मला आठवलेसुद्धा नाहीत. इतकी दमलेली असायची मी तेव्हा.

महिन्याभराने ते आले. या वेळी हातात फाईल नव्हती.

"बाई, टँकर कवा याचा?"

मी त्यांना बसायला सांगितलं आणि मुलींचं विचारलं.

"दोघी येत्यात. बाकीच्या दुस्काळी कामावर खडी फोडाया जात्यात, न्हाईतर पान्यामागं." मग म्हणाले, "आमी तर लिवून दिलं हुतं की. कुनी वाचलं न्हाई का?"

"वाचलं होतं," मी म्हटलं. "मी वाचलं होतं."