मोटेच्या चाकाची मूठ

ब्रह्मदेशातला पाऊस ओसरला आणि आमच्या पलटणीला पुढं सरकायचा हुकूम आला, तेव्हा मी हवालदार होतो आणि नामदेव जमादार. मी भातकुलीकडचा, कापूस-ज्वारीच्या घरातला. नामदेव अकोल्याचा माळी. मोर्णा नदीच्या काठी त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा. भरतीच्या दिवशी आम्ही एकाच रांगेत उभे होतो. पुढं तो हुद्द्यानं माझ्यावर गेला. जवानांसमोर मी त्याला 'साब' म्हणायचो, दोघंच असलो की 'नाम्या'.

माझ्याकडं आज जे पिस्तूल आहे ते त्याचं. अमरावतीत माझ्याकडं येणारी मंडळी चहा पिण्याआधी तेच बघायला मागतात. मलाही दाखवायची हौस आहे, खोटं कशाला बोलू. पण नुसतं हातात घेऊन ते कळत नाही, म्हणून त्याची हकिकत लिहितो.

हुकूम येण्याआधी, भर पावसाळ्यातच, आमचे कॅप्टनसाहेब विलायतेला परत निघाले होते. त्यांच्याजवळ स्वतःचं पंचेचाळीस बोअरचं ऑटोमॅटिक होतं, आधीच्या महायुद्धाच्या घडणीचं. आम्ही सरकारी रिव्हॉल्व्हर पाहिलेली. हे जनावर वेगळं. गोळी सुटली की वरची लोखंडी स्लाइड धक्क्यानं मागं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढं येताना मॅगझिनमधली नवी गोळी नळीत बसवते. कर्नलसाहेबांची मंजुरी घेऊन कॅप्टननी जाहीर केलं, "इसमें क्या-क्या खराबी है, जो ठीक बताएगा, ये उसका."

दोन सुभेदारांनी ते हातात घेतलं आणि तारीफ करून परत दिलं. नामदेव पुढं झाला. आधी मॅगझिन काढलं, स्लाइड ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग बाजारात बैल पारखावा तसा तो त्याच्या मागं लागला. नळीच्या तोंडाशी बोट लावून हलवून पाहिलं. स्लाइड उघडी ठेवून खाली पांढरा कागद धरला आणि नळीतल्या पेचदार चऱ्या उजेडात बघितल्या. घोडा ताणून त्यावर अंगठा दाबला, तो घसरतो का ते पाहिलं. मॅगझिनच्या ओठांवरून नख फिरवलं. शेवटी पिस्तूल कानाशी नेऊन हलवलं.

"साब, नळी अच्छी है. घोडा पक्का है," तो म्हणाला. "स्प्रिंग थक गया है. मॅगझिन का ओठ टेढ़ा है, तीसरा-चौथा राउंड अटकेगा. सामने का साईट छोटा है, गोली ऊपर जाएगी. और मूठ टूटी है."

कॅप्टन हसले. मूठ फुटलेली आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी पट्ट्यासकट होल्स्टर काढून नामदेवच्या हातात दिलं.

त्या दिवशी नामदेवचे पाय जमिनीवर नव्हते आणि माझेही नव्हते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं त्यानं तासाभरात हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मरर नाईकाला गाठलं. तो पंजाबी होता आणि त्यालाही असल्या कामाचा नाद. स्टोअरमधून नवी स्प्रिंग निघाली. जुनी तिच्याशेजारी उभी केली तर बोटभर आखूड भरली. मॅगझिन बदललं. समोरच्या साईटवर काडतुसाच्या पितळेचा तुकडा बसवून ती उंच केली आणि एकेक गोळी झाडत, थोडं थोडं घासत नेम जुळवला. आम्ही तिघं मातीच्या ढिगावर लावलेल्या बिस्किटाच्या डब्यामागं दोन दिवस वेडे झालो होतो. डबा टणकन् उडाला की नामदेव मागं वळून माझ्याकडं बघायचा.

"पायलं का बे?"

"पायलं ना. एकदा मलेही मारू दे."

"थांब. आपल्या धन्याले ओळखून घेऊ दे त्याले आधी."

राहिली मूठ. त्यानं घरी कळवलं. मळ्यातल्या विहिरीवरचं मोटेचं जुनं चाक चिरलं म्हणून काढून ठेवलं होतं. सेमाडोहच्या जंगलातलं सागवान, बापजाद्यांपासून पाण्यात भिजलेलं आणि उन्हात वाळलेलं. त्याच्या मायनं त्यातला एक तुकडा पाठवला. पार्सलात त्याबरोबर जवसाच्या तेलाची एक शिशी होती आणि निरोप होता : खंडेनवमीले हत्याराले घरचं तेल लावजो.

नामदेवनं चाकूनं आणि काचेनं घासून मुठीच्या दोन पट्ट्या केल्या. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा डाव्या बाजूला टेकतो, तिथं त्यानं आपल्या अंगठ्याच्या मापाची खळगी कोरली. त्या पट्ट्या बसल्यावर पिस्तूल त्याच्या मुठीत असं काही बसलं की मला त्याचा हेवा वाटला.

खंडेनवमी जंगलातच आली. शस्त्रं मांडली, हळदकुंकू वाहिलं. झेंडू कुठला मिळणार, रानटी पिवळी फुलं वाहिली. नामदेवनं शिशी उघडली. त्या वासानं मला घरचं स्वयंपाकघर आठवलं. त्यानं पिस्तूल खोललं, लाकडाला तेल लावलं आणि तेच बोट स्लाइडच्या खाचांतूनही फिरवलं.

मी म्हणालो, "लोखंडाले सरकारी तेल लाव ना."

"कावून? सरकार बंदुकीच्या दस्त्याले हेच तेल देते. लिन्सीड ऑइल म्हन्ते साहेब लोक. ते काय न हे काय, जवसच तं हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सरकारी लिन्सीड म्हणजे जवसच. पण ते लाकडासाठी. जवसाचं तेल हवेत वाळतं, आधी चिकट होतं आणि मग साय धरतं. आमच्याकडं तेलाच्या मडक्याच्या काठावर ती साय सगळ्यांनी पाहिलेली असते, पण ती पिस्तुलाशी जोडायची बुद्धी त्याला झाली नाही, मलाही झाली नाही. उलट घडलं असं, की पुढच्या कूचमध्ये दंवानं सगळ्यांची हत्यारं तांबेरली आणि नामदेवच्या पिस्तुलावर एक डाग नाही. तो सगळ्यांना काढून दाखवायचा. "माह्या मायचं तेल हाय." इतकं चकचकीत हत्यार कोण खोलून पुसतो? दिसतं तसं नसतं, हे आम्हाला नाल्यात कळलं.

सकाळची गस्त होती. नामदेवची प्लाटून, पुढं माझं सेक्शन. कोरड्या नाल्याच्या वळणावर बांबूच्या बेटातून मशीनगन सुरू झाली. माझी मांडी फुटली. मी नाल्यात पडलो, रायफल पलीकडं गेली. सेक्शन काठावर आडवं झालं आणि कुणाला डोकं वर काढता येईना. मागं वायरलेसवर आमची प्लाटून, म्हणजे 'बेकर टू', कंपनीशी बोलत होती ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"बेकर टू. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"बेकर टू, होल्ड. मॉर्टर देतो. आउट."

मॉर्टरचे गोळे येणार होते, पण बांबूतून दोन जपानी त्याआधी येत होते. संगिनी लावलेल्या. ते माझ्याकडंच येत होते, यात मला काही शंका राहिली नाही. मी दगड उचलला. हसू नका, हातात दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात काठावरून नामदेव घसरत खाली आला. त्याची स्टेनगन वरच वेलीत अडकून राहिली होती. माझ्यापुढं एक गुडघा टेकून त्यानं पिस्तूल काढलं आणि चाप ओढला. पहिली गोळी सुटली, पुढचा जपानी पडला. स्लाइड मागं गेली आणि पुढं येताना आळसावून वाटेतच थांबली. पूर्ण मिटलीच नाही. नामदेवनं चाप ओढला. काही नाही.

"तेल!" मी ओरडलो.

त्यानं डाव्या तळव्याचा ठोसा मागून स्लाइडवर हाणला. ती मिटली. चाप ओढला, नेम चुकला. स्लाइड पुन्हा अर्ध्यात. पुन्हा ठोसा. दुसरा जपानी इतका जवळ आला होता की त्याच्या पायाला गुंडाळलेल्या पट्टीवरची माती मला दिसली. गोळी सुटली. तो आमच्या पायांशी कोसळला. तोवर आमच्या मॉर्टरचे गोळे बांबूत पडू लागले आणि मशीनगन बंद झाली.

नामदेव माझ्या मांडीला पट्टी करत होता. त्याचा डावा तळवा सोलून निघाला होता. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "मायले कळवू नको बरं. चटनीवरच बरं हाय हे तेल."

आम्ही दोघंही हसत सुटलो. स्ट्रेचरवाल्यांना वाटलं, मला भ्रम झाला. जिवंत असण्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

त्याच दिवशी त्यानं पिस्तूल रॉकेलात बुडवून धुतलं आणि सरकारी तेल लावलं. पण मी इस्पितळात असताना पुढच्या एका नदीच्या काठावर तोफेचा गोळा त्याच्या खंदकात पडला. पिस्तूल होल्स्टरमध्ये होतं, साफ, भरलेलं, बिनबोभाट चालणारं. तोफेच्या गोळ्यापुढं ते काय करणार होतं?

पलटणीनं ते मायकडं पोचवायला माझ्याकडं सोपवलं. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतून लायसन्स माझ्या नावे झालं आणि मी ते अकोल्याला घेऊन गेलो. मायनं हात लावला आणि म्हणाली, "तूच ठेव बाबू. फक्त खंडेनवमीले आनत जा."

तेव्हापासून नेतो. पहिल्या खंडेनवमीला तिनं मळ्यातला झेंडू वाहिला आणि जवसाच्या तेलाची वाटी पुढं केली. नामदेव कळवू नको म्हणाला होता. पण तिचं बोट लोखंडाकडं जाताना मला गप्प बसवेना. मी तिला नाल्यातली सगळी हकिकत सांगितली, तळव्याच्या ठोशांसकट. तिनं वाटी खाली ठेवली.

"म्हन्जे माह्याच तेलानं माह्या पोराचा घात केला?"

"नाही माय. त्या दिवशी तो जगला. मलेही जगवलं. गेला तो तोफेनं. तेव्हा लोखंडावर हे तेल नव्हतं."

"खरं सांगून राहिला?"

"तुमच्या मळ्याची आन."

विहिरीवर मोट रिकामी होत होती, नव्या चाकाचा आवाज येत होता.

"लाकडाले तं चालते ना हे तेल?"

"लाकडाले यासारखं दुसरं तेल नाही, माय."

तिनं वाटीत बोट बुडवलं. लोखंडाला थेंब लागू न देता ती मुठीवर तेल फिरवू लागली. सागवान काळंभोर झालं. फिरवता फिरवता तिचा अंगठा नामदेवनं कोरलेल्या खळगीत गेला. तिथं तो थांबला.

"येवढा मोठा होता त्याचा आंगठा," ती म्हणाली.