चौकटीत न मावलेला शब्द

संगणकाचं बटण दाबण्याआधी बिराजदारबाई पदराने बोट पुसायच्या. नांदेडहून लातूरच्या त्या दवाखान्यात नोंदणी विभागात मी रुजू झाले, तेव्हा ते बघून मला हसू आलं होतं.

बाई आमच्या विभागप्रमुख, मूळच्या उदगीरच्या. काळजी हा त्यांचा पिंडच. पंखा जरा कुरकुरला की "पडंल का गं ह्यो?" म्हणून खुर्ची सरकवणार. नेमकं त्यांच्याच गळ्यात कोड बदलायचं काम पडलं. प्रत्येक आजाराला एक कोड असतो. ती यादी आता नवी आली होती आणि जुने कोड नव्यात बदलून देणारं सॉफ्टवेअरही आलं होतं. एका जुन्या कोडाला नव्या यादीत कधी चार-चार पर्याय निघायचे. सॉफ्टवेअर त्यातला एक उचलून हिरवी खूण करून मोकळं व्हायचं.

बाईंना त्या खुणेचीच धास्ती. "हिरवं झालं म्हंजे खरं झालं का, पोरी? कोड बदलू दे, पण माणसाचा आजार न्हाई बदलला पायजे." आम्ही मान हलवायचो आणि त्यांची पाठ वळली की हसायचो.

एके दिवशी खिडकीशी मारुती आला. लातूर-उदगीर एसटीवरचा ड्रायव्हर. आमच्याच दवाखान्याचा दाखला पुढे करत म्हणाला, "बाई, मला मिरगी कवा झाली? आगारात ह्यो कागद दिला, तर स्टिअरिंगच काढून घेतलं की हो."

मारुतीला मिरगी नव्हतीच. मागे ऊन लागून ताप डोक्यात गेला, तेव्हा एकदाच झटका आला होता. नव्या यादीत त्याचा कोड 'मिरगी किंवा झटके' या मथळ्याखाली गेला. दाखल्यावरची चौकट अरुंद, तीत पहिला शब्द तेवढा मावला.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "छापणं बंद करा!" त्या ओरडल्या. त्यांचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. दवाखान्याचे साहेब धावत आले, काम अडेल म्हणून चिडले.

"मला काढून टाका साहेब, पण एकबी दाखला भाईर जाऊ देऊ नका. कुणाकुणाचं काय झालं आसंल, कुणाला ठावं!" बाई प्रिंटरसमोरून हलल्या नाहीत.

डॉक्टरांचं पत्र आणि दुरुस्त केलेला दाखला घेऊन त्या स्वतः आगारात गेल्या. मारुतीला गाडी परत मिळाली. पण बोभाटा व्हायचा तो झालाच होता. त्याला बघून माणसं गाडीतून उतरायला लागली.

तेव्हापासून बाई दर शनिवारी गावी जाताना त्याचीच गाडी धरायच्या. अगदी पुढच्या बाकावर बसायच्या. कुणी दारात घुटमळलं की म्हणायच्या, "बसा की! मी दवाखान्यातली हाय. काई झालं न्हाई त्याला." मग माणसं बसायची. मला बाईंचा फार अभिमान वाटायचा.

एका शनिवारी मीही सोबत गेले. सगळी वाट बाईंनी समोरची दांडी सोडली नाही. उदगीरला उतरलो तर त्यांचे तळवे घामाने चिंब. मारुती लांब गेल्यावर हळूच म्हणाल्या, "कागद मीच दुरुस्त केला, पोरी. तरी वळण आलं की मी त्याच्या हाताकडंच बघून राहिले. मलाच भ्या वाटतंय, मग लोकायला कोणत्या तोंडानं सांगू?"



पुढच्या शनिवारी त्या पुन्हा त्याच बाकावर बसल्या. निवृत्त होईपर्यंत बसत राहिल्या. भीती गेली, असं मात्र मला कधीच म्हणाल्या नाहीत.