लिमअंकलचे दुकान आणि वर्षातली दिवाळी

विमान खाली येऊ लागले तेव्हा प्रथम दिसली ती जहाजे. समुद्रात जागोजागी नांगर टाकून ती स्वस्थ उभी होती. बंदरात शिरण्याची कुणालाच घाई नसावी. शालिनीने, माझ्या पत्नीने, मला या जहाजांबद्दल सांगितले होते. ती दोनदा सिंगापूरला येऊन गेली. मी कॉलेजचे ग्रंथालय सांभाळत नाशिकलाच राहिलो आणि निवृत्तीनंतरही काही ना काही कारण काढत राहिलो. २०१४ च्या उन्हाळ्यात ती गेली. ऑक्टोबरात अमेयचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "बाबा, दिवाळीत एकटे राहू नका." या खेपेस मला कारण सुचले नाही.

अमेयचे घर क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या सरकारी वसाहतीत आहे. तिथून तो ऑफिसला पायी जातो. माझी सून गौरी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेब पाहते. या इमारतींचा तळमजला मोकळा असतो. त्याला व्हॉइड डेक (खांबांवर उभा असलेला, भिंती नसलेला तळमजला) म्हणतात. म्हातारी माणसे तिथे पट मांडून बसतात, मांजरी झोपतात, आणि आमच्या इमारतीत एका कोपऱ्यात लिमअंकलचे दुकान आहे.

पहिल्याच सकाळी रेवा, माझी नऊ वर्षांची नात, मला दूध आणायला तिथे घेऊन गेली. दाराशी तांदळाची पोती, त्यांवर कांदे-लसणाच्या टोपल्या. वर छताला बादल्या, झाडू आणि खराटे टांगलेले. बिस्किटांचे चौकोनी पत्र्याचे डबे, सुकी मासळी, नारळाच्या दुधाची पाकिटे, उदबत्त्यांच्या जुड्या, आणि एका फळीवर चक्क आपली हळद आणि मोहरी. आत वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आले तर एकाला मागे सरावे लागे. ग्रंथालयातल्या जुन्या कपाटांमधली वाटही अशीच होती. मला तिथे एकदम बरे वाटले.

"हे माझे आबा," रेवाने ओळख करून दिली.

गल्ल्यामागचा पांढऱ्या बनियनमधला माणूस माझ्याच वयाचा होता. "अंकल," तो मला म्हणाला, "मिसेसचं कळलं. या मुलीनं सांगितलं." मग थोडा वेळ त्याने दुधाची बाटली पुसली. "गुड लेडी. कांदे निवडायला अर्धा तास घ्यायची."

इथे वयस्कर माणसाला सगळेच अंकल म्हणतात, त्यामुळे मीही त्यांना अंकल म्हणू लागलो. दोन म्हातारे एकमेकांना अंकल म्हणतात याचे रेवाला फार हसू येई.

त्यानंतर मी रोज सकाळी खाली जाऊ लागलो. अमेय-गौरी कामाला, रेवा शाळेत. लिमअंकल मला एक उलटा क्रेट बसायला देत आणि समोरच्या टपरीवरून कोपी (दाट गोड दूध घातलेली कडक कॉफी) मागवीत. या शहरातल्या वाणसामानाच्या दुकानांचा इतिहास मी पुस्तकात नव्हे, त्या क्रेटवर बसून ऐकला.

त्यांच्या वडिलांचे दुकान जवळच्याच एका कंपोंगमध्ये (खेड्यासारखी जुनी वस्ती) होते. वर झावळ्यांचे छप्पर. तांदूळ, कोळसा, रॉकेल, खारवलेले मासे. गिऱ्हाईक चिनी, मलय आणि तमिळ. वडील तिघांशी तिघांच्या भाषेत घासाघीस करीत. सुट्टे पैसे दुधाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे आणि दोरीने तो डबा छताकडे ओढून घ्यायचा, म्हणजे कुणाचा हात पोचत नसे. तो डबा अजून छताला लटकत होता.

"मग सरकारनं कंपोंग काढलं," लिमअंकल म्हणाले. "गाव आडवं होतं, ते उभं केलं. माणसं वर गेली, दुकान खाली राहिलं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची नाही. मी तांदूळ खांद्यावर घेऊन जिने चढायचो."

"कुठला चढतोयस," आतून मिसेस लिमचा आवाज आला. "तुझा भाऊ चढायचा. तू गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचास. तू बोलून थांबेपर्यंत भात शिजून थंड व्हायचा."

"भाऊ एक पोतं, मी एक पोतं."

"तुझं पोतं लहान."

अशी दुकाने तमिळ माणसांचीही होती. त्यांना सगळे 'मामा शॉप' म्हणत, कारण तमिळमध्येही वडीलधाऱ्या माणसाला आदराने मामा म्हणतात. पुढे मोठी वातानुकूलित सुपरमार्केटे आली. दुकानदारांची मुले शिकून ऑफिसांत गेली आणि एकेक दुकान बंद होत गेले. लिमअंकलचा मुलगा बँकेत आहे. "त्याला दुकान नको. त्याला एसी पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. हवामान सांगावे तसे सांगितले.

एका दुपारी मी एकटाच हॉकर सेंटरला (एका छपराखालच्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्या) गेलो. एका टेबलावर कुणीतरी कागदी रुमालांचे पाकीट विसरले होते. मी ते उचलून टेबलाटेबलावर जाऊन "हे तुमचे का?" असे विचारत फिरलो. लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत होते. शेवटी एक बाई ताट घेऊन आली, तिने माझ्या हातातले पाकीट घेतले, ते पुन्हा टेबलावर ठेवले आणि जेवायला बसली. संध्याकाळी मी घरी हे सांगितले, तर रेवा सोफ्यावर लोळत हसली आणि इथल्या मुलांसारखा वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "आबा, ते हरवलेलं नसतं लाह! तशी जागा धरतात!" दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा मिसेस लिमने क्रेटवर रुमालांचे एक पाकीट ठेवले होते. "तुझी जागा," त्या म्हणाल्या. रेवाने शाळेला जाताना बातमी पोचवली होती.

दिवाळी जवळ आली. एका संध्याकाळी आम्ही लिटिल इंडियात रोषणाई पाहायला गेलो. रस्त्यावर प्रकाशाच्या कमानी, मंडपांत पणत्या, मोगऱ्याचे गजरे आणि काचेमागे चकलीच्या थोरल्या भावासारख्या मुरुक्कूंचे ढीग. रेवा काचेसमोर थांबली.

"घ्यायचे का?" अमेयने हळूच विचारले.

गौरी म्हणाली, "विकत आणलं म्हणजे आपणच केल्यासारखं झालं ना. यंदा दुसऱ्यांनी आणून द्यायचं असतं."

"दुसरे म्हणजे हू?" रेवाने विचारले.

आपल्याकडे वर्षाच्या आत घरात सणाचे तळण होत नाही. नातलग, शेजारी फराळ आणून देतात. त्या घराने हात आखडलेला असतो, म्हणून इतरांनी तो पुढे करायचा. इथल्या मराठी मित्रांनी गौरीला प्रेमाने निरोप पाठवले होते, की यंदा तुम्हाला त्रास देत नाही. तरुण मुले, त्यांना ही रीत सांगणारे कुणी जवळ नाही. आणि फराळ पाठवा असे तोंडाने सांगता येत नाही.

मी म्हटले असते तर गौरीने चकल्या तळल्याही असत्या. पण शालिनी आमच्या गल्लीत अशा प्रत्येक घरी डबा घेऊन जाई. तिथे सतरंजीवर बसे, फारसे बोलत नसे, आणि डबा ठेवून येई. जी रीत तिने लोकांसाठी पाळली, ती तिच्याच वर्षात मोडावी असे मला वाटेना. पण रेवाला दिवाळी हवी होती. आणि खरे सांगायचे तर, मलाही हवी होती.

दिवाळीच्या चार दिवस आधी शनिवारी रेवा माझ्याबरोबर दुकानात आली. गल्ल्याशेजारी लाल कागदात बांधलेले बिस्किटांचे डबे रचलेले होते. लिमअंकल म्हणाले, "माझ्या बाबांची पद्धत. गिऱ्हाइकाचा सण, दुकानानं पाठवायचं. ईदला मलय घरी, दीपावलीला इंडियन घरी. सुपरमार्केट पाठवतं?"

"गेल्या वर्षी आम्हाला दिला होता," रेवा म्हणाली. "यंदा आमचा कुठला?"

लिमअंकल गल्ल्यामागून बाहेर आले आणि तिच्यासमोर वाकले. "यंदा नाही, गर्ल. आजी गेली ना. अशा घरी सणाचं पाठवलं तर वाईट. लोक म्हणतील, लिमला रीत कळत नाही."

रेवाने माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यभर 'वाचनालयात शांतता राखा' अशा पाटीखाली बसलेला माणूस. मागणे मला जमत नाही, आणि ही तर न मागण्याचीच गोष्ट होती. तरी ते इतके दिवस मला त्यांच्या रीती सांगत होते. मी आमची एकही सांगितली नव्हती. म्हणून मी सांगितली. अडखळत, फार हळू सांगितली.

लिमअंकल ऐकत राहिले. मग त्यांनी मागे वळून हाक मारली, "ऐकलंस? आपल्यात माणूस गेलं की पाठवायचं नाही. यांच्यात माणूस गेलं की पाठवायलाच पाहिजे."

मिसेस लिम पडद्याआडून हात पुसत आल्या. "मग आम्ही मुलीला उपाशी ठेवत होतो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रोज दोन तास बोलतोस, हे नाही विचारलंस?" मग मला, "लाल कागद चालेल? नाही? पांढरा?"

"कुठलाही चालेल," मी म्हणालो.

"कुठलाही कसा चालेल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवाळीच्या सकाळी बेल वाजली. दारात दोघे उभे. लिमअंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात हिरव्या कागदात बांधलेला मोठा डबा. "लाल सणाचा, तो हिला नको वाटला. पांढरा दुःखाचा, तो मला," ते म्हणाले. "काल रात्रभर भांडलो."

आत यावे की नाही हे त्यांना कळेना. गौरीने "या ना, आंटी," म्हणून मिसेस लिमचा हातच धरला, तेव्हा चपला काढून ते आत आले. डबा उघडला. वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंकडून आणलेले मुरुक्कू होते, आणि त्यांखाली कोक चाई (शेंगदाणे, तीळ आणि साखरेचे सारण भरून तळलेला चिनी पदार्थ). कोक चाई एरवी चिनी नववर्षाला करतात, पण मिसेस लिमनी आदल्या दिवशी बसून केल्या होत्या. अर्धचंद्राचा आकार, कडेला बोटाने घातलेली बारीक मुरड.

"करंजी!" रेवा ओरडली.

"चरबी नाही, तेलातलं," मिसेस लिम मला म्हणाल्या. "तुझी मिसेस खात नाही, मला माहीत आहे."

मी एक उचलली. मुरड शालिनीपेक्षा थोडी जाड होती. सारण खमंग होते. मी दुसरीही घेतली. गौरी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती. आम्ही सगळे जमिनीवर बसून खाल्ले. रेवाने किती खाल्ल्या ते कुणी पाहिले नाही.

डबा रिकामा परत द्यायचा नाही आणि आमच्या घरून गोडधोड जायचे नाही, म्हणून गौरीने त्यात साखर भरली. मिसेस लिमनी झाकण उघडून पाहिले. "ही माझ्याच दुकानातली साखर," त्या म्हणाल्या.

"मग चांगलीच असणार," अमेय म्हणाला. त्या इतक्या हसल्या की लिमअंकलना त्यांना धरावे लागले.

निघायच्या दिवशी मी दुकानात गेलो. पुढच्या वर्षी दुकान असेल का, असे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. लिमअंकलनी कोपी मागवली आणि आम्ही ती सावकाश प्यालो. अशी दुकाने संपत चालली आहेत, हे तिथल्या कुणालाही ठाऊक आहे. वाणसामान लोकांना मिळत राहील. कुणाच्या घरी यंदा काय झाले आहे, हे माहीत असलेला माणूस मात्र दुसरीकडे शोधावा लागेल.

नाशिकला पोचलो त्या संध्याकाळी शेजारच्या कुलकर्णी वहिनी डबा घेऊन आल्या. "तुमच्यासाठी ठेवला होता, भाऊ. चकली सादळली असेल. दिवाळीत तुमचं कसं होणार, याच काळजीत होते मी."

उन्हाळ्यापासून अशी माणसे आली की मी दारातच डबा घेत असे, आभार मानत असे आणि दार लावत असे. त्या डबा पुढे करून परत वळायच्या बेतात होत्या.

"वहिनी, आत या," मी म्हणालो. "चहा टाकतो. दिवाळी कशी झाली ते सांगायचंय."