क-क-काळजी नको

स्टुडिओत त्याला सगळे 'सर्वनाश' म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी एका परदेशी सिनेमाच्या मराठी आवाजासाठी त्याला पहिल्यांदा माइकसमोर उभं केलं, तेव्हा वाट्याला एकच शब्द आला होता, "सर्वनाश!" तो त्याने असा काही म्हटला की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टचा चहा सांडला. झालं, तेच नाव चिकटलं. "सर्वनाश आला का?", "सर्वनाशला सर्दी झालीय", "सर्वनाशचा बिनसाखरेचा सांगा" असली वाक्यं त्या इमारतीत रोज कानावर पडत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आणि माणूस कसा म्हणाल? झुरळ निघालं की खुर्चीवर चढून बायकोला हाक मारणारा. रांगेत कुणी पुढे घुसलं तर त्याने न विचारताच "हरकत नाही" म्हणणारा. बायको म्हणायची, "पडद्यावर शहरंच्या शहरं जाळता, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना नळ नीट बंद करा एवढं सांगवत नाही तुम्हाला." शेजारणी मात्र त्याचा पुरेपूर उपयोग करून घेत. मूल जेवत नसलं की उचलून याच्या दारात आणायचं. हा बिचारा खर्जात म्हणायचा, "घास गिळ, नाहीतर ग्रह गिळीन." मूल गिळायचं. मग हाच दिवसभर हळहळत बसायचा, की उगाच घाबरवलं लेकराला.

खलनायकांबद्दल मात्र त्याची मतं ठाम होती. "नायकाला लागतं काय हो?" तो म्हणायचा. "उडायचं, उतरायचं आणि 'मी आहे ना' म्हणायचं. दर सिनेमात तोच उडता गडी, तीच हनुवटी. लोक घरी जाताना बोलतात ते खलनायकाबद्दल. त्याला दुःख लागतं, कारण लागतं, आणि मुख्य म्हणजे बोलायची स्वतःची अशी लकब लागते." बोलणं खोटं नव्हतं. पण या लकबीच्या हौसेपायीच त्याचा पाय घसरला.

नऊ वर्षांपूर्वी शून्येश्वर आला. जगातली सगळी घड्याळं बंद पाडायला निघालेला, मुलगी गमावलेला, थंड डोळ्यांचा खलनायक. तिकडचा नट मोठा कसलेला. प्रत्येक वाक्याआधी तो तोंड अर्धवट उघडायचा आणि दोन क्षण तसाच थांबायचा. मूळ सिनेमात तिथे नुसती शांतता होती. पण आवाजाच्या धंद्यात एक नियम आहे, उघडं तोंड रिकामं सोडायचं नाही. पडद्यावर तोंड उघडं आणि आवाज नाही, की प्रेक्षकाला वाटतं यंत्रच बिघडलं. ओठ मिटलेले दिसले तर प, ब, म हवेत. ओठ उघडे असले तर घशातलं काहीही चालतं, कारण घशात काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

त्या उघड्या तोंडात काय भरावं? उसासा भरून पाहिला, हसणं भरून पाहिलं. काचेपलीकडून दिग्दर्शिका बाई नकारार्थी मान हलवत राहिल्या. मग नवव्या की दहाव्या टेकला त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "क-क-काळजी नको. क-क-काहीच उरणार नाही."

बाई उभ्याच राहिल्या. "हे कुठून आणलंत हो?"

"सुचलं," तो म्हणाला.

सुचलं कसलं डोंबल! ते त्याच्या धाकट्या भावाचं होतं. धाकटा लहानपणापासून फक्त 'क'वर अडायचा. बाकी सगळी बाराखडी सरळ, 'क' आला की गाडी थांबलीच. घरात कुणी त्याला हसत नसे, हाही नाही. भावाचं वाक्य पुरं होईपर्यंत मुकाट थांबायचं, हे तो न शिकवता शिकला होता. तीस वर्षं कानात जपून ठेवलेलं ते अडखळणं त्याने एका दुपारी एका राक्षसाच्या तोंडात नेऊन घातलं. आणि तेव्हा त्याला वाटलं काय? तर टेक छान झाला!

सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. उडत्या गड्याची डाळ कुणाकडे शिजली नाही, शून्येश्वर मात्र घराघरांत पोचला. रिक्षावाले "क-क-कुठे जायचं?" विचारू लागले. पोरं खेळताना आळीपाळीने शून्येश्वर व्हायची, नायक व्हायला कुणी तयार नसायचं. आणि धाकटा भाऊ होता भूगोलाचा शिक्षक. वर्गात एकेक हात वर व्हायचा. "सर, क-क-कर्कवृत्त कुठून जातं?" सगळा वर्ग हसून लोळायचा. वर्षभर त्याने सोसलं, मग नोकरी सोडली आणि नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत जाऊन बसला. तिथे दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. भावाला त्याने ना जाब विचारला, ना शिवी दिली. नुसतं बोलणं टाकलं. याने दोन-तीनदा फोन करून पाहिला, भावाने उचलला नाही, आणि मग यानेही धीर सोडला. माफी मागायला जी छाती लागते ती त्याच्याकडे फक्त माइकसमोर होती.

नऊ वर्षांनी दुसरा भाग आला. बाईंनी उत्साहाने फोन केला, "सर्वनाश, आपला शून्येश्वर मेलाच नव्हता!"

त्याच संध्याकाळी बायको त्याच्यासमोर येऊन बसली. जावांचं आपापसात बोलणं कधी तुटलं नव्हतं, ते त्यालाही ठाऊक होतं. "जावेचा फोन होता," ती म्हणाली. "त्यांची लेक आता आठ वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलेलंसुद्धा नाही. तीही 'क'वर अडते."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"वर्गात तिला शून्येश्वरी म्हणतात. टीव्हीवर तो मेला सिनेमा दर पंधरा दिवसांनी लागतो. आता जरा थंडावलंय, पोर दोन वाक्यं बोलायला लागलीय. जाऊ म्हणत होती, दुसऱ्या भागातही तसंच असेल का? तसं असेल तर ती तोंडच मिटून घेईल. विचारायला सांगितलंय."

त्याला जेवण गेलं नाही. स्टुडिओत गेला तो ठरवूनच. पडद्यावर नटाने तोंड उघडलं, आणि सर्वनाश काहीच बोलला नाही. दोन क्षण पूर्ण शांतता. मग सरळ, स्वच्छ, "काळजी नको. काहीच उरणार नाही." खरं सांगायचं तर ते जास्त भीतिदायक होतं. रेकॉर्डिस्टने दंडावर आलेला काटा चोळला.

"क-क कुठे गेलं?" बाई म्हणाल्या.

"नको ते आता."

"अहो, लोक त्यासाठीच येणार आहेत!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने आवाज चढवला. भावाचं सांगितलं, पुतणीचं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांचे डोळे भरले. त्यांनी सिनेमाच्या कंपनीला फोन लावला, बराच वेळ बोलल्या. परत आल्या त्या पाण्याचा पेला घेऊन. "ते म्हणतात, लकब बदलायची नाही. तुम्ही नाही म्हणालात तर हरकत नाही. तुमच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा एक जण त्यांच्याकडे आहे."

"माझी नक्कल?"

"म्हणजे शून्येश्वराची," बाई ओशाळून म्हणाल्या.

तो हसला. हसण्यासारखंच होतं की! भावाची नक्कल याने केली, याची नक्कल तो करणार. पंचवीस वर्षं त्याच्या प्रत्येक राक्षसाला शेवटच्या दहा मिनिटांत उडत्या गड्याने लोळवलं होतं, आणि स्वतःचा एक राक्षस मारायची वेळ आली तर त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने हेडफोन काढून खुंटीला लावला. काम सोडलं. पण सोडून पोरीचा काय फायदा? सिनेमा येणार होता तो येणारच होता.

बायको म्हणाली, "मग जाऊन तसं सांगा. मला नका सांगू."

रविवारी सकाळी तो भावाच्या दारात उभा राहिला. जिन्यात त्याने सगळं घोकलं होतं. मी तुझा काका, बाबांना बोलाव. एवढंच. यापेक्षा लांब वाक्यं तो झोपेत म्हणत असे. घंटा वाजवली. दार उघडलं ते पोरीने. दोन वेण्या, हातात रंगीत पेन्सिल, आणि कपाळ थेट धाकट्याचं.

"क-क-कोण पाहिजे?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं, आणि तोंड तसंच राहिलं. आत आवाजच नव्हता. पंचवीस वर्षांत त्याला कधी रिटेक मागावा लागला नव्हता असं नाही, पण शब्दच येत नाही असं कधी झालं नव्हतं. तो ढकलू लागला. "मी तुझा का… का-का…" दोनच 'का' हवे होते. ते केव्हाच होऊन गेले होते. "का-का-का-का…" थांबता येईना, पुढेही जाता येईना.

पोरीचा चेहरा बघता बघता बंद झाला. तिने दार अर्धं ओढून घेतलं.

"तुम्हीपण चिडवता?" ती म्हणाली.

नाही म्हणायचं होतं त्याला. तेही निघेना. आवाज ओळखू आला की काय, आतल्या खोलीत खुर्ची सरकली. भाऊ बाहेर आला, नऊ वर्षांत बराच पिकलेला, आणि लेकीच्या मागे उभा राहिला. दादाकडे तो बघत राहिला, तोंड वेडंवाकडं करून एका शब्दाशी झुंजणाऱ्या, घामाघूम झालेल्या दादाकडे. मध्ये बोलला नाही, शब्दही सुचवला नाही. नुसता थांबला. बराच वेळ थांबला.

"…काका," शेवटी निघालं एकदाचं.

पोरीने बापाकडे वळून पाहिलं. "बाबा, हे आपली नक्कल क-क-करतायत."

"नाही गं," भाऊ म्हणाला. "नक्कल मला लांबून क-क-कळते. हे खरं आहे. दार उघड."