एका अक्षराचं सुतक

दर गुरुवारी कुसगावात दहा-बारा ज्येष्ठ मंडळींसमोर मी मनावर बोलतो. सुखदुःख बाहेर नसतं, मनच ते उभं करतं. दोरीला साप समजलं की फुटणारा घाम मात्र खरा असतो, वगैरे. मास्तरकी संपली तरी तोंडाची सवय जात नाही.

एकदा अकराच्या सुमारास पवनानगरहून वहिनींचा फोन आला. दोन वर्षांत पहिलाच. तिकडे रेंजची नेहमीची रड. "भावजी, ह्ये गेले... सकाळीच..." आणि फोन कट. परत लावला तर लागेना.

दादा गेला. माझा थोरला भाऊ. आणि आमचा अबोला तसाच राहिला. चूक माझीच होती. माझ्या मुलीच्या लग्नात तो व्याह्यांना म्हणाला, "आमी परवा तळेगावला गेलतो." मी हसत हसत, सगळ्यांदेखत सुधारलं, "गेलतो नाही दादा, गेलो होतो." तो पंगतीला न बसताच निघून गेला. आधी त्यानं बोलावं म्हणून मी अडून बसलो. अजून स्वतःची चीड येते.

स्कूटर काढली. दुधिवऱ्याची खिंड कशी ओलांडली आठवत नाही. हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं रडत होतो, "दादा, चुकलो रे" म्हणत होतो. त्यातच, उशिरा पोचलो तर भावकी काय म्हणेल, हेही येऊन गेलं. मन धड रडूसुद्धा देत नाही.

पोचलो तर दादा ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेला.

माझा चेहरा पाहून वहिनींनी तोंडाला पदर लावला. "अवो, ह्ये तलाठ्याकडं गेलते म्हनलं मी! गेलते आन् आले बी."

गेलते म्हणजे गेले होते. लहानपणी मीही असंच बोलायचो. शहाणपणानं ते घासून घासून तोंडातून काढलं, आणि बघता बघता कानातूनही गेलं.

मी ओट्यावर बसकण मारली. इतका आनंद झाला की हसू आवरेना. खरं तर त्या तासाभरात काहीच बदललं नव्हतं. तो आपला शेंगा सोलत होता. मारलं मी, जिवंतही मीच केलं.

मग दादा शेंगांकडे बघतच म्हणाला, "वारसनोंदीच्या कागदावर तुजी सई लागतीया."

झालं. म्हणजे सहीपुरती आठवण! पाच मिनिटांत जुनी अढी जागच्या जागी येऊन बसली. ती येताना मला दिसत होती, गुरुवारी उदाहरण म्हणून सांगावी इतकी स्पष्ट, तरी थांबवता येईना. सही केली. वाटेत दहादा म्हटलेलं "चुकलो" ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. मेलेल्या माणसाला म्हणणं सोपं होतं.

"डोळं का रं लाल झाल्यात तुजं?" दादानं विचारलं.

"धूळ गेली," मी म्हणालो.